घड्याळ आणि मीटर

यवतमाळ जिल्ह्यात खाण म्हटलं की वणी आठवते. उकणी, निलजई, कोलारपिंपरी इथल्या उघड्या खाणींतून वेस्टर्न कोलफिल्ड्स कोळसा काढते, तो महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रांत जळतो आणि त्याची वीज तारांवरून फिरत पुन्हा याच मुलखातल्या घरांत, जिनिंगमध्ये आणि विहिरीवरच्या पंपांत येते. खाणीला लागून ज्याचं शेत आहे त्याला या विजेची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही; फुटलेल्या बोंडावर बसलेली काळी धूळ त्याच्या रोजच्या नजरेसमोर असते. गेल्या पंधरा वर्षांत जगात दुसरी एक खाण उघडली. तिथे माती उपसत नाहीत, संगणकातली ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस आकडेमोड करू लागली आणि त्यातून एके काळी बिटकॉइन, इथेरियम यांसारखी आभासी नाणी मिळत. म्हणून तिलाही मायनिंग, म्हणजे खाणकामच म्हणतात. या खाणीत उतरू पाहणारा तरुण पहिला शब्द शिकतो तो ओव्हरक्लॉकिंग. कार्ड कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं की कमाई वाढते, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. तो अर्थ अर्धाच खरा आहे, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात उरलेला अर्धा फार महाग पडतो. या धंद्यात कार्ड किती पळतं यापेक्षा एकेका प्रयत्नाला किती वीज लागते हे मोलाचं असतं. ती वीज कमीत कमी केली तरी बाकीचा हिशेब हवामान, विजेचा दर आणि जगातली बाकीची कार्डं ठरवतात, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या हातात नसतात.

आधी ही आकडेमोड कसली ते पाहू. आभासी नाण्याच्या व्यवहारांची एक सामाईक वही असते आणि तिच्या प्रती जगभरच्या संगणकांवर असतात. वहीत नवं पान जोडायचं तर एक कोडं सुटावं लागतं. पानावरच्या मजकुरात एक आकडा मिसळायचा आणि सगळं एका ठरलेल्या गणिती घाण्यातून काढायचं. बाहेर पडणाऱ्या संख्येला हॅश म्हणतात. ती ठरावीक मर्यादेखाली आली तर पान मंजूर होतं आणि पान लावणाऱ्याला नवी नाणी मिळतात. कुठला आकडा मिसळला तर हॅश मर्यादेखाली येईल हे आधी कळायला कुठलीच युक्ती नाही. एकेक आकडा घालून पाहत राहणं एवढंच करता येतं. म्हणजे हे डोक्याचं काम नाही, चिकाटीचं आहे, आणि ती चिकाटी यंत्राची. बिटकॉइनचं पहिलं पान ३ जानेवारी २००९ला लागलं तेव्हा घरातला साधा प्रोसेसर पुरत होता. २०१०मध्ये लोकांच्या लक्षात आलं की एकच साधं काम हजारो हातांनी एकाच वेळी करायला ग्राफिक्स कार्ड जास्त चांगलं. २०१३पासून त्या एकाच कामासाठी बनवलेली खास यंत्रं आली आणि बिटकॉइनच्या खाणीतून ग्राफिक्स कार्डं बाहेर पडली. त्यांना नवं काम दिलं ते ३० जुलै २०१५ला सुरू झालेल्या इथेरियमने.

ओव्हरक्लॉकिंग या शब्दात घड्याळ आहे. प्रत्येक चिपला एक विद्युत ठोका चालवतो आणि एका ठोक्यात ती ठरलेलं काम उरकते. सेकंदाला ठोके किती, हा तिचा वेग. कारखान्यातून निघालेली प्रत्येक चिप अगदी सारखी नसते, म्हणून कंपनी सर्वांना झेपेल असा वेग ठरवते आणि वर थोडी जागा राखून ठेवते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव जागा वापरतो. पण ग्राफिक्स कार्डात घड्याळं दोन असतात, आणि सगळं इथेच ठरतं. मधली मोठी चिप गणित करते, तिला कोअर म्हणतात. तिच्याभोवती चौकोनी काळ्या मेमरीच्या चिपा मांडलेल्या असतात, त्यांत माहिती साठवलेली असते. कोअरचं घड्याळ वेगळं, मेमरीचं वेगळं. संगणकावर गेम खेळणाऱ्याला दोन्ही पळवावीशी वाटतात. खाण चालवणाऱ्याने कुठलं पळवायचं आणि कुठलं आवरायचं, हे ठरतं ते कोड्याच्या स्वभावावरून.

इथेरियमच्या कोड्याचं नाव होतं इथॅश. त्याच्या रचनाकारांना बिटकॉइनसारखी खास यंत्रं इथे नको होती, म्हणून त्यांनी कोडं मुद्दाम मेमरीवर भार टाकणारं केलं. कार्डाच्या मेमरीत एक मोठा तक्ता ठेवायचा आणि प्रत्येक प्रयत्नाला त्यातल्या ६४ जागा उलटसुलट क्रमाने वाचायच्या, दर वेळी १२८ बाइट. एका प्रयत्नाला म्हणजे ८,१९२ बाइट वाचावे लागतात. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०७० हे कार्ड घेऊ. त्याची मेमरी सेकंदाला ४४८ अब्ज बाइट देऊ शकते. भागाकार केला की सुमारे ५ कोटी ४७ लाख प्रयत्न येतात, म्हणजे ५४.७ मेगाहॅश. कार्ड जसं दुकानातून येतं तसं चालवलं तर ते ५१-५२ मेगाहॅश देत असे, मेमरीच्या कमाल क्षमतेच्या अगदी जवळ. कोअर मात्र बराच वेळ मेमरीची वाट बघत थांबलेला असे. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी एकटी आणि भाजणाऱ्या चौघी असाव्यात, तशी ही गत. भाजणाऱ्यांनी घाई केल्याने पोळ्या वाढत नाहीत. मेमरीचं घड्याळ पंधरा-अठरा टक्क्यांनी पळवलं की तेच कार्ड ६१-६२ मेगाहॅशवर जाई. कोअर कितीही पळवला तरी आकडा जवळजवळ हलत नसे. हाच तक्ता दर ३०,००० पानांनी थोडा वाढायचा. २०२०च्या अखेरीस तो ४ गिगाबाइटच्या पुढे गेला तेव्हा तेवढीच मेमरी असलेली हजारो कार्डं, ती कितीही पळवलेली असोत, एका झटक्यात निरुपयोगी झाली.

कोअरला घाई नाही हे एकदा कळलं की दुसरी, जास्त मोलाची गोष्ट करता येते: त्याला सावकाश चालवायचं. चिपला लागणारी वीज दोन गोष्टींनी वाढते. ठोके वाढले की ती त्याच प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेज वाढलं की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. वर्ग हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. व्होल्टेज एक चतुर्थांशाने उतरवलं तर घड्याळाला हात न लावताही त्या भागाची वीज ४४ टक्क्यांनी उतरते. ठोके कमी असले की चिपला कमी व्होल्टेज चालतं, म्हणून दोन्ही एकत्र उतरवता येतात आणि बचत झपाट्याने वाढते. ३०७०ला कंपनीने २२० वॉटची मर्यादा घातली आहे. जाणकार मायनर मेमरी पळवून, कोअर आणि व्होल्टेज आवरून हे कार्ड १२०-१३० वॉटवर चालवत आणि तरीही जास्त हॅश मिळवत. म्हणजे ज्याला सरसकट ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्यातला खरा फायदा मुख्यतः कार्डाचा एक भाग हळू केल्यामुळे होता. हे काम निगुतीचं असतं. मेमरीचं घड्याळ थोडं थोडं वाढवायचं, तासन्‌तास चालवून बघायचं, चुका वाढल्या की पाऊल मागे घ्यायचं. खाणकामाला अधूनमधून झालेली चूक सोसते, कारण चुकीचं उत्तर नाकारलं जातं आणि पुढचा प्रयत्न सुरू होतो. खेळात किंवा व्हिडिओत तीच चूक पडद्यावर ठिपका होऊन दिसते किंवा संगणक बंद पडतो. म्हणूनच मायनर मेमरीला जितकं ताणत, तितकं दुसरा कोणी ताणत नाही.

आता ही वीज घरच्या मापाने मोजू. सहा कार्डांची एक चौकट, जिला रिग म्हणतात, कंपनीच्या मर्यादेवर चालवली तर कार्डांचे १,३२० वॉट आणि बाकीच्या भागांचे ८० धरून १,४०० वॉट होतात. जवळजवळ दोन अश्वशक्तीचा पंप चोवीस तास, तीसही दिवस, एकदाही बंद न करता चालावा तेवढी ही वीज. महिन्याला हजार युनिट. नीट बसवलेली रिग ८३० वॉटवर येते, म्हणजे महिन्याला सहाशे युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात आणि प्रत्येक टप्प्याला दर चढतो. पंखा, फ्रिज, दिवे यांत पहिला स्वस्त टप्पा संपतो, रिगची जवळजवळ सगळी वीज वरच्या टप्प्यांत मोजली जाते. हिशेबाला सोपं जावं म्हणून युनिटला दहा रुपये धरले, तरी नुसत्या व्होल्टेज-घड्याळाच्या मांडणीने महिन्याचे चार हजार रुपये वाचतात. ही बचत खरी आहे आणि ती करणाऱ्याचं कौशल्यही खरं आहे. पण बिलाची दुसरी बाजू वणीत आहे. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कोळसा लागतो. आडदांडपणे चालवलेली रिग महिन्याला सातशे किलो कोळसा खाते. शहाणपणाने चालवलेली रिगही चारशेहून जास्त खाते, आणि यात तारांमधली गळती धरलेली नाही. संगणकातली खाण मातीविना चालते असं वाटतं, पण ती चालवायची तर उकणीत किंवा आणखी कुठे तरी माती उपसावीच लागते.

कार्डात शिरलेली प्रत्येक वॉट वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि इथे यवतमाळचं ऊन हिशेबात येतं. अंघोळीचं पाणी तापवायला बादलीत सोडतात त्या रॉडइतकी ऊब ही रिग खोलीत सतत ओतत असते. कार्डावरचे पंखे हवेला थंड करत नाहीत, ते फक्त चिपची ऊब खोलीतल्या हवेला देतात. त्यामुळे चिप नेहमी खोलीपेक्षा काही अंशांनी वर राहते. ते अंतर ३५ अंश धरलं तर २५ अंशांच्या खोलीत चिप ६०वर राहील आणि मे महिन्यातल्या ४३ अंशांच्या खोलीत ७८वर, तीही रिगने खोली आणखी तापवलेली नाही असं मानून. मेमरीची गत याहून वाईट असते. ती पळवलेली असते, आणि तिची ऊब वाहून न्यायला बहुधा एक मऊ पट्टीच असते, थर्मल पॅड नावाची. सतत तापून ही पट्टी कडक होते, तिच्यातून तेलकट द्रव पाझरतो आणि तिची पकड सुटते. आरटीएक्स ३०८०सारख्या कार्डांत मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड आपणहून वेग उतरवतं. म्हणजे घड्याळ पळवून कमावलेलं सगळं उन्हाने परत घेतलं. चिप तापली की तिच्यातून झिरपणारा प्रवाहही वाढतो, त्यामुळे त्याच कामाला मे महिन्यात जानेवारीपेक्षा जास्त वीज लागते. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारा कापसाचा बारीक तंतू पंख्यामागच्या पातळ पत्र्यांत नमद्यासारखा बसतो. दर पंधरवड्याला झटकला नाही तर पंखा फिरत राहतो, पण हवा आत जात नाही.

यावर विदर्भातला माणूस सहज म्हणेल, कूलर लावा. कूलर इथलं शहाणपण आहे आणि ते कोरड्या हवेवर उभं आहे. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपतं, वाफ होताना हवेतली ऊब घेतं आणि चाळिशीपार गेलेली हवा दहा-पंधरा अंशांनी उतरते. एप्रिल-मेपुरता हा उपाय यंत्रालाही लागू पडतो, हे मान्य करायला हवं. पण पाऊस पडला की हवा दमट होते आणि त्याच कूलरमधून थंडावा न येता ओल येते. ती ओल उघड्या सर्किटवर आणि धुळीवर बसली की गंज आणि शॉर्टसर्किट ओढवतात. पाण्यातले क्षारही बारीक भुकटी होऊन हवेसोबत येतात. आणि हे पाणी येणार कुठून? २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली होती आणि माणसं पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभी होती. यंत्राला थंड ठेवण्यासाठी त्या महिन्यांत रोज टाकी भरायची, हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही. एसी लावला तर तो स्वतःची वीज मागतो आणि घड्याळ-व्होल्टेजच्या मांडणीने वाचवलेले चार हजार तिथेच जातात. आइसलँडमध्ये किंवा भूतानमध्ये खाणी चालतात, कारण तिथे थंड हवा आणि नदीची वीज दोन्ही मुबलक आहेत. तीच कार्डं, तीच मांडणी इथे आणली की हिशेब उलटतो.

यंत्राचा आणि हवेचा प्रश्न सुटला असं क्षणभर मानू. तरी सगळ्यात मोठी अडचण कोड्यातच दडलेली आहे. इथेरियमचं एक पान सुमारे १३ सेकंदांनी लागावं असा नियम होता. जगातल्या कार्डांनी एकत्रितपणे जास्त प्रयत्न केले आणि पानं लवकर लागू लागली की कोडं आपोआप अवघड होई. बिटकॉइनमध्ये हीच दुरुस्ती दर २,०१६ पानांनी होते. म्हणजे नाणी दिवसाला जेवढी निघायची तेवढीच निघतात आणि प्रत्येकाला फक्त स्वतःच्या प्रयत्नांच्या हिश्श्याइतकं मिळतं. २०२१च्या सुरुवातीला इथेरियमच्या जाळ्याची एकूण ताकद सुमारे ३०० टेराहॅश होती; एक टेराहॅश म्हणजे दहा लाख मेगाहॅश. सहा कार्डांची रिग न पळवता ३०९ मेगाहॅश देई, म्हणजे जगातल्या दर कोटी प्रयत्नांतले दहा तिचे. पळवून, नीट बसवून ३६६ मेगाहॅश झाले की बारा. कौशल्याने दोन वाढवले. पण २०२२च्या मध्यापर्यंत जाळ्याची ताकद १,००० टेराहॅशच्या वर गेली आणि त्याच पळवलेल्या रिगच्या वाट्याला कोटीतले चारही उरले नाहीत. तिचा मालक काहीही चुकला नव्हता. बाकीच्यांनीही कार्डं आणली होती, तीही पळवली होती, आणि त्यासाठी दुकानातली कार्डं इतकी उचलली गेली की भारतात ५१ हजारांपासून जाहीर झालेलं ३०७० प्रत्यक्षात दीडपट-दुपटीने विकलं जात होतं. यवतमाळच्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. सगळ्यांच्या शेतात कापूस भरघोस पिकला की भाव पडतो आणि कष्ट वाढूनही हातात तेवढंच येतं. फरक एवढा की कापूस जास्त पिकला तर जगात कापड तरी जास्त होतं. इथे सगळ्यांनी कार्डं पळवली तरी एक नाणं जास्त निघत नाही. जळालेला कोळसा तेवढा वाढतो.

हा एक नियम ज्याला समजला तो एका मोठ्या फसवणुकीच्या प्रकरणात सापडला नसता. २०१५च्या सुमारास गेनबिटकॉइन नावाची योजना निघाली. बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही खाणीत गुंतवतो आणि अठरा महिने दरमहा दहा टक्के परत देतो, असं तिचं आश्वासन होतं. पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि तिचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला एप्रिल २०१८मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२मध्ये, खटला निकाली निघण्याआधीच, त्याचा मृत्यू झाला. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार लोकांकडून सुमारे ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा केले गेले. कोर्टात काय सिद्ध होईल ते होईल. पण आश्वासन मुळातच अशक्य होतं, आणि ते ओळखायला कायदा लागत नाही, अंकगणित पुरतं. कोडं अवघड होत जाणार, हिस्सा घटत जाणार, म्हणजे खाणीचं उत्पन्न महिन्यामहिन्याला खाली जाणार. स्थिर दहा टक्के कुठलीही खाण देऊ शकत नाही, कार्ड कितीही पळवलेलं असो.

या मांडणीवर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. प्रयत्न जास्त म्हणजे वही सुरक्षित, असं खाणीचे समर्थक म्हणतात. वहीत खोटं पान घुसवायचं तर निम्म्याहून जास्त ताकद हाती हवी, आणि प्रामाणिक लोकांनी ताकद वाढवली की चोराचा खर्च वाढतो. हे बरोबर आहे. इथेरियम क्लासिक या लहान जाळ्यावर जानेवारी २०१९मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२०मध्ये असे हल्ले झाले, कारण तिथली ताकद कमी होती. पण यातून एवढंच सिद्ध होतं की पहारा हवा. पहाऱ्याला एवढा कोळसा लागतोच असं नाही, हे खुद्द इथेरियमने दाखवलं. १५ सप्टेंबर २०२२ला त्याने कोडी सोडवणं बंद केलं आणि नाणी तारण ठेवून पानं मंजूर करायची पद्धत आणली. जाळ्याची वीज ९९ टक्क्यांहून जास्त उतरली आणि वही चालूच राहिली. त्या दिवशी जगातली लाखो पळवलेली कार्डं बेकाम झाली. ती लहान नाण्यांकडे वळली, तिथली कोडी तत्काळ अवघड झाली आणि कमाई बहुतेक ठिकाणी विजेच्या बिलाखाली गेली.

दुसरा आक्षेप फुकट विजेचा. छतावर सौर पॅनेल बसवलं तर वीज फुकटच, मग हरकत काय? एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. नीट बसवलेल्या रिगला दिवसाला वीस युनिट लागतात, म्हणजे पाच किलोवॉटचं छत तिच्यासाठीच. ते छत नेट मीटरिंगने जोडलेलं असेल तर त्यातलं प्रत्येक युनिट घरच्या बिलातून वजा होतं. ते रिगला दिलं तर तेवढे पैसे वाचवायची संधी गेली, म्हणजे ते फुकट राहिलंच नाही. शिवाय सूर्य तळपतो तेच तास कार्डाला सर्वांत जड जातात. शेतीपंपाच्या विजेचा मोह याहून धोकादायक आहे. २०२४पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, आणि मळ्यातल्या खोलीत दोन रिग लपवणं अवघड वाटत नाही. पण ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामासाठी ती वापरणं हा वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची वसुली वाढीव दराने होते. आणि एक सांगितलंच पाहिजे. कृषी फीडरवर वीज ठरावीक तासच येते. त्या तासांत रोहित्रावर बसवलेला प्रत्येक जास्तीचा भार शेजारच्या शेतातलं व्होल्टेज पाडतो आणि त्याची मोटर जाळतो. तुरीला पाणी द्यायच्या रात्री हे व्हावं, हा अन्याय आहे.

तिसरा आक्षेप भावाचा: आज तोटा असला तरी नाणी साठवा, भाव चढला की फिटेल. चढू शकतो, पूर्वी चढलाही आहे. पण भाव चढावा यासाठी खाण खणायची गरज नसते. त्याच पैशात नाणं विकत घेतलं तर भाव चढल्याचा तोच फायदा मिळतो, आणि कार्ड, उष्णता, बिल मागे लागत नाही. त्यात २०२२च्या अर्थसंकल्पाने आणखी एक वजन टाकलं. आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि त्यातून खरेदीखर्चाशिवाय दुसरी वजावट मिळत नाही. खाणीच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदीखर्च धरला जाणार नाही, असं सरकारने मार्च २०२२मध्ये लोकसभेत सांगितलं. समजा महिन्याला दहा हजारांची नाणी निघाली आणि ती विकली. सहा हजार विजेला गेले, हातात चार हजार उरले. कर मात्र दहा हजारांवर, म्हणजे तीन हजार. उरलेल्या हजारात कार्डांची झीज, पंखे, थर्मल पॅड आणि घेतलेल्या कर्जाचं व्याज बसवायचं आहे. घड्याळाची कितीही बारीक मांडणी केली तरी हा हजार दोन हजारांपुढे जाणं कठीण, आणि कर्जाचा हप्ता कोड्याबरोबर सैल होत नाही. कर्जापायी आधीच बरंच काही भोगलेल्या जिल्ह्यात हे स्पष्ट लिहिणं मला आवश्यक वाटतं.

ओव्हरक्लॉकिंग शिकण्यात घालवलेला वेळ मात्र वाया जात नाही, फक्त तो दुसरीकडे लावावा. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारे स्टुडिओ यवतमाळ, पुसद, दारव्हा अशा गावांत आहेत. संकलनाचं शेवटचं रेंडरिंग करताना त्यांची ग्राफिक्स कार्डं तासन्‌तास पूर्ण ताणावर असतात, नेमकी एप्रिल-मेच्या लग्नसराईत. मायनरने केलेली व्होल्टेज उतरवण्याची मांडणी इथे जशीच्या तशी उपयोगी पडते. कार्डाची वीज पाव हिश्श्याने कमी केली तर कामाचा वेग बहुधा थोडाच उतरतो आणि भर दुपारी संगणक बंद पडत नाही. खाणीतून बाहेर पडलेली कार्डं जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, तीही अशा स्टुडिओला किंवा विद्यार्थ्याला चालू शकतात. कारण सतत सारख्या तापमानावर चालल्याने चिप सहसा मरत नाही, झिजतात ते पंखे आणि पट्ट्या. घेताना अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून मेमरीचं तापमान पाहावं, पंख्याच्या आवाजात घरघर आहे का ऐकावं, आणि घरी आणल्यावर थर्मल पॅड बदलावेत. एएमडीच्या आरएक्स ५८०सारख्या कार्डांत मायनर मेमरी पळवण्यासाठी बायोस, म्हणजे कार्डातली मूळ आज्ञावलीच बदलून टाकत. असं कार्ड इथॅशची कोडी बिनतक्रार सोडवत असे, पण मंगलाष्टकांच्या दृश्यावर हिरवे ठिपके पाडू शकतं. म्हणून पहिलं काम, कंपनीचा मूळ बायोस परत घालून मेमरीचं घड्याळ पुन्हा जाग्यावर आणायचं.